निश्चय वारंवार मोडतो. मग मी स्वतःला शिष्य म्हणवून घ्यावे का?

पत्राचा सारांश : पत्र लिहिणाऱ्या भगिनी आपल्या मंडळीत (चर्चमध्ये) रविवारच्या शाळेत लहान मुलांना शिकवतात. काही वर्षांपूर्वी एका आत्मिक शिबिरात त्यांनी प्रभू येशूच्या मागे पूर्ण मनाने चालण्याचा निर्णय घेतला. तेव्हापासून दर नव्या वर्षी त्या वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र वाचून काढण्याचा, पहाटे उठून तासभर प्रार्थना करण्याचा आणि आठवड्यातून एक दिवस उपास करण्याचा संकल्प करतात, आणि दर वेळी तो दीड-दोन महिन्यांत मोडतो. मोडला की लाज वाटते, आणि मग मुलांचा वर्ग घेऊन, उपासना सुरू होण्याआधीच, त्या घरी निघून जातात. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याच्या, रविवारी तर हमखास. प्रार्थनेत पूर्वीसारखे काही जाणवत नाही. "खरा विश्वास असता, तर तो असा डळमळला नसता," असे मंडळीतील एक ज्येष्ठ व्यक्ती बोलून गेल्यापासून त्यांची झोप उडाली आहे. त्या विचारतात, "माझा विश्वास खोटा आहे का? मुलांना शिकवण्याचे काम मी सोडावे का? मन खंबीर करायचे तरी कसे?"

प्रिय भगिनी,

तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत. परंतु मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य त्या प्रश्नांत नाही. ते तुम्ही ओघात लिहून गेला आहात : वर्ग संपला की तुम्ही लगेच निघता, म्हणजे कोणाशी बोलावे लागत नाही. वाचनाचे वेळापत्रक कोलमडले, पहाटेचा गजर बंद करून तुम्ही पुन्हा झोपलात, उपासाचा दिवस चुकला, या गोष्टींचे ओझे तुम्ही पत्रभर वाहिले आहे. माझ्या मते त्यांपैकी एकाही गोष्टीने तुमचा विश्वास धोक्यात आलेला नाही. धोका आहे तो या निघून जाण्यात, आणि म्हणून माझे उत्तर बहुतांशी त्याविषयीच असेल.

आधी त्या ज्येष्ठ व्यक्तीच्या वाक्याकडे पाहू, कारण तुम्ही ते अंतिम निकालासारखे मान्य करून टाकले आहे. बोलणाऱ्याचा हेतू वाईट असेल असे मला वाटत नाही. पण ते वाक्य शुभवर्तमानांपुढे, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या पुस्तकांपुढे, ठेवून पाहिले, तर टिकत नाही. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूचा शिष्य पेत्र याने आपण प्रभूबरोबर मरायलाही तयार आहोत असे सांगितले, आणि बाकीचे शिष्यही तसेच म्हणाले, हे मत्तयाने नोंदवले आहे. पेत्राच्या मनाच्या खंबीरपणात काही उणे होते असे दिसत नाही. हत्यारबंद जमाव बागेत शिरला, तेव्हा तलवार उपसणारा तोच होता. मात्र त्याच बागेत, त्याच रात्री, प्रभूबरोबर घटकाभर जागे राहून प्रार्थना करणे त्याला जमले नव्हते, आणि कोंबडा आरवण्यापूर्वी महायाजकाच्या अंगणात एका दासीच्या प्रश्नापुढे त्याचा सारा आवेश गळून पडला आणि मी येशूला ओळखत नाही, असे तो म्हणाला. मोठ्या पराक्रमाची त्याची तयारी होती. कोणाच्या नजरेत न भरणाऱ्या जागरणाची नव्हती.

लूककृत शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात प्रभू त्याला हे सारे घडण्याआधीच सांगतो, आणि तिथे प्रभूने त्याच्यासाठी काय मागितले आहे हे नीट पाहण्यासारखे आहे. पेत्राच्या हातून चूक होऊ नये, असे त्याने मागितले नाही. त्याचा विश्वास ढळू नये, असे मागितले. आणि तू मागे फिरून आलास की आपल्या भावांना स्थिर कर, अशी कामगिरीही तिथल्या तिथे सोपवली. पडणे, परतणे आणि परतल्यानंतरची सेवा या तिन्ही गोष्टी प्रभूने एकाच संभाषणात गृहीत धरल्या आहेत. ज्याच्या डळमळण्यावरून त्याचा विश्वास खोटा ठरवता आला असता अशा माणसावर, तो डळमळण्यापूर्वीच, इतरांना सावरण्याचे काम सोपवलेले आहे.

त्या रात्री आणखी एक शिष्य ढळला. चांदीच्या नाण्यांसाठी येशूला धरून देणाऱ्या यहूदालाही पस्तावा झाला होता. त्याने चांदीची नाणी परत नेऊन दिली आणि आपण निर्दोष माणसाला धरून दिले हे कबूलही केले. पण ती कबुली त्याने दिली ती ज्यांना त्याच्याशी काही कर्तव्य नव्हते अशा याजकांपुढे, आणि तिथून तो एकटाच निघून गेला. पेत्र मात्र रडला आणि ज्यांच्यासमोर त्याने मोठ्या शपथा घेतल्या होत्या त्यांच्यातच परत गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी मग्दालीया मरीया कबरेपासून धावत आली, तेव्हा तो तिला प्रभूच्या प्रिय शिष्यासोबत भेटला. मधल्या दिवसांत त्या बाकीच्या शिष्यांच्या नजरेला नजर देणे त्याला किती जड गेले असेल, याची कल्पना तुम्ही इतरांपेक्षा अधिक करू शकाल. तो तिथे थांबला, एवढेच शुभवर्तमानावरून दिसते, आणि माझ्या दृष्टीने ते फार मोठे आहे.

पुढे हा प्रश्न संपूर्ण मंडळीलाच सोडवावा लागला. इ.स. २५० मध्ये रोमन सम्राट डेशियस याने साम्राज्यातील सर्वांनी देवतांना बळी अर्पण करून तसे प्रमाणपत्र घ्यावे, असा हुकूम काढला. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी भीतीपोटी अर्पण केले. काहींनी पैसे देऊन खोटी प्रमाणपत्रे मिळवली. छळ ओसरल्यावर हे लोक परत येऊ लागले, तेव्हा नोव्हेशियन नावाच्या रोममधील एका नेत्याने आणि त्याच्या अनुयायांनी, अशांना मंडळीत पुन्हा स्थान नाही अशी भूमिका घेतली. उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचे बिशप सिप्रियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५१ मध्ये एकत्र बसून वेगळा निर्णय केला : पश्चात्तापाचा मार्ग खुला राहील, तो स्वस्त नसेल, प्रत्येकाच्या परिस्थितीचा विचार होईल, पण दार बंद होणार नाही. स्वतः सिप्रियन त्या छळाच्या काळात अज्ञातवासात गेले होते आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली होती. त्याच सिप्रियन यांनी २५८ मध्ये विश्वासासाठी प्राण दिले. तुमच्या त्या ज्येष्ठ व्यक्तीचे म्हणणे नवे नाही. मंडळीने ते फार पूर्वी ऐकले, तोलले आणि बाजूला ठेवले.

असे असले, तरी पवित्र शास्त्रातील इशारे मी हलके करू इच्छित नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात मागे हटण्याविषयी अत्यंत गंभीर शब्द आहेत, आणि पेरणाऱ्याच्या दाखल्यात मूळ नसल्यामुळे करपलेली रोपेही आहेत. हे इशारे ख्रिस्ताकडे जाणूनबुजून पाठ फिरवण्याविषयी आहेत. अडखळणाऱ्याला हाकलून लावण्यासाठी ते लिहिलेले नाहीत. पाठ फिरवण्याच्या बेतात असलेल्याला थांबवण्यासाठी लिहिलेले आहेत. तुम्ही स्वतःला एवढेच विचारावे : मला ख्रिस्त नको झाला आहे, की ख्रिस्तापुढे उभे राहण्याची लाज वाटते आहे? तुमच्या पत्रावरून मला दुसरे उत्तर दिसते. मात्र पत्रात न लिहिलेले असे एखादे पाप, एखादा जुना राग किंवा न मिटलेला अपराध मनात घर करून बसला असेल, तर त्याचा निपटारा वाचनाच्या वेळापत्रकाने होणार नाही. तो कबुलीनेच होईल, आणि त्यासाठीही कोणाजवळ तरी बोलावेच लागेल.

प्रार्थनेत काही जाणवत नाही, ही तुमची तक्रार मी वेगळी ठेवतो, कारण तिचा अर्थ लावण्यात सर्वांत जास्त गफलत होते. शिबिरातील त्या दिवसांत जी ऊब जाणवली, तिलाच तुम्ही विश्वास समजू लागला आहात, आणि म्हणून ती ओसरली तेव्हा विश्वासही गेला असे तुम्हाला वाटते. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र उघडून पाहा. ते आरंभापासून आक्रोश आहे आणि शेवटच्या ओळीपर्यंत अंधार सरत नाही. तरीही ते देवाला उद्देशून आहे, आणि देवाच्या लोकांनी ते आपल्या उपासनेच्या गीतांत जपून ठेवले. मदर तेरेसा यांचे १९९७ मध्ये निधन झाले आणि २००७ मध्ये त्यांची खासगी पत्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेकांना प्रथमच कळले, की कित्येक दशके त्यांना प्रार्थनेत देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते. त्यांनी प्रार्थना सोडली नाही आणि कामही सोडले नाही. पण ती पत्रे कोणाला लिहिली होती हे पाहा : आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना. आतला अंधार त्यांनी जगाला सांगितला नाही, पण योग्य व्यक्तींपासून लपवलाही नाही.

याच संदर्भात संदेष्टा एलीया याची आठवण करून देतो, आणि ती सर्वच थकलेल्या वाचकांसाठी आहे. कर्मेल डोंगरावरच्या विजयानंतर ईजबेल राणीच्या धमकीने तो पळाला, बैर-शेबा येथे आपल्या सेवकाला मागे ठेवले, आणि एकटाच रानात जाऊन मरण मागू लागला. देवाने त्या क्षणी त्याला उपदेश केला नाही. त्याला झोप दिली, भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खाऊ घातले. संभाषण त्यानंतर, होरेब डोंगरावर झाले. तिथे एलीयाने 'मीच एकटा उरलो आहे' असे दोनदा सांगितले, आणि देवाने सात हजार माणसे राखून ठेवल्याचे त्याला कळवले. तो परतला तेव्हा त्याच्यासोबत चालायला अलीशा मिळाला. झोप उडाल्याचे तुम्ही लिहिले आहे. ती बऱ्याच आठवड्यांपासून उडालेली असेल, भूक मंदावली असेल किंवा कशातच मन लागत नसेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. शरीराचा आणि मनाचा थकवा हा अविश्वास नव्हे, आणि त्यावर उपचार घेणे हेही देवाच्या देणगीचा स्वीकार करणेच आहे. जगणे नकोसे वाटू लागले, तर एक दिवसही न थांबता घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगा.

आता संकल्पांकडे वळू. पवित्र शास्त्राच्या सहासष्ट पुस्तकांत ११८९ अध्याय आहेत. वर्षभरात ते संपवायचे, तर दिवसाला तीनहून थोडे अधिक अध्याय होतात. अकरा दिवस चुकले, की छत्तीस अध्याय अंगावर येतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत नेमके लेवीय आणि गणना या पुस्तकांच्या आसपास असे होते. मग बारावा दिवस उजाडतो तो थकलेल्या कर्जाच्या हप्त्यासारखा : आजचे वाचन बाजूलाच राहते, मागची बाकी डोळ्यांपुढे उभी राहते, आणि ती फिटणे शक्य नाही असे वाटून पुस्तक मिटले जाते. ही बाकी देवाने तुमच्या नावावर लिहिलेली नाही. ज्याला ठरलेल्या गतीने संपूर्ण शास्त्र वाचणे जमते त्याने ते अवश्य करावे, त्यात मोठे धन आहे; पण तो शिष्यत्वाचा निकष नाही, आणि शतकानुशतके ज्यांच्या घरी शास्त्राची प्रत नव्हती किंवा ज्यांना अक्षरओळखही नव्हती, असे असंख्य लोक विश्वासात शेवटपर्यंत टिकले आहेत.

म्हणून यंदाचा संकल्प अर्ध्यातून उचलू नका. तो मोडलाच आहे असे मान्य करून मोकळ्या व्हा. उद्यापासून मार्ककृत शुभवर्तमान घ्या. त्यात सोळाच अध्याय आहेत. रोज एक अध्याय, आणि तोही जमला नाही तर एखादा प्रसंग वाचा. एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी दोन अध्याय वाचू नका, जिथे होतात तिथूनच पुढे चला. हा नियम तुम्हाला क्षुल्लक वाटेल. परंतु तुमच्यासारख्या काटेकोर स्वभावाच्या माणसांना हाच नियम पाळणे सर्वांत कठीण जाते, कारण त्यांना भरपाई केल्याशिवाय परत यायचे नसते, आणि कृपेचा अर्थच भरपाई न करता परत येता येणे असा आहे.

प्रार्थनेबाबतही असेच. पहाटेच्या तासाचा हट्ट सोडा आणि दिवसातील अशी वेळ निवडा, जी तुमच्या सर्वांत वाईट दिवशीही हाती राहते. मग ती दहा मिनिटांची असली तरी चालेल. प्रार्थनेवर राजाचा मनाईहुकूम निघाल्यावर दानीएलाने काय केले, हे त्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे : तो घरी गेला आणि पूर्वी करत असे त्याप्रमाणेच दिवसातून तीन वेळा गुडघे टेकून प्रार्थना करत राहिला. संकटाच्या दिवशी त्याला नवा संकल्प करावा लागला नाही. सिंहांच्या गुहेची गोष्ट आपण मुलांना मोठ्या उत्साहाने सांगतो, पण तिच्या आधीची कित्येक वर्षांची ही न दिसणारी सवय सांगायची राहून जाते. काहीच शब्द सुचत नसतील त्या दिवशी प्रभूने शिकवलेली प्रार्थना सावकाश म्हणा, किंवा मार्कच्या नवव्या अध्यायातील त्या मुलाच्या बापाप्रमाणे, माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासात मला साहाय्य कर, एवढेच म्हणा. त्या बापाची विनंती प्रभूने परत पाठवली नाही. उपास मात्र सध्या बाजूला ठेवा. झोप आणि मन ताळ्यावर येईपर्यंत तो तुम्हाला उपकारक ठरणार नाही.

प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात एकाच वाक्यात आपले तारण भीत व कापत साधून घ्या असेही सांगितले आणि तुमच्या ठायी इच्छा व कृती घडवून आणणारा देव आहे असेही सांगितले. तुम्ही त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग धरून बसला आहात. मन खंबीर कसे करावे, या तुमच्या प्रश्नात मन ही जणू एकट्यानेच घडवायची वस्तू आहे असे गृहीत धरलेले दिसते. इब्री लोकांस पत्राचा लेखक चिकाटीविषयी बोलतो, तेव्हा 'एकमेकांना' हा शब्दही वापरतो : एकमेकांना रोज बोध करा, एकमेकांना प्रीती व सत्कर्मे करण्यास उत्तेजन द्या, एकत्र मिळणे सोडू नका. पापाच्या फसवेगिरीने मन कठीण होते, आणि ते होत असताना आपले आपल्याला कळत नाही, म्हणून दुसऱ्याचे डोळे लागतात.

याची व्यवहारातील एक जुनी घडण सांगतो. १७४२ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांच्या अनुयायांवर प्रार्थनागृहाच्या बांधकामाचे कर्ज होते. ते फेडण्यासाठी सुमारे बारा-बारा जणांचे गट पाडले गेले आणि प्रत्येक गटाच्या प्रमुखाने दर आठवड्याला घरोघरी जाऊन प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करावी असे ठरले. पेनी गोळा करताना प्रमुखांना लोकांच्या घरातील आणि मनातील खरी स्थिती दिसू लागली : कोण भांडते आहे, कोण पुन्हा दारूकडे वळले आहे, कोण निराश आहे. कर्जाचा हेतू मागे पडला आणि आत्म्याची विचारपूस करणारी साप्ताहिक बैठक उभी राहिली, जी मेथडिस्ट चळवळीचा कणा ठरली. आठवड्यातून एकदा कोणीतरी समोर बसून, कशी आहेस, असे विचारते आणि उत्तर खरे द्यावे लागते. संकल्प टिकवण्याची याहून चांगली पद्धत मला माहीत नाही.

तुम्हीही मंडळीतील एक परिपक्व, तोंडाची घट्ट भगिनी निवडा. ती तुम्हाला आवडते म्हणून नव्हे, तर ती ऐकून घेते आणि वेळ पडल्यास स्पष्ट बोलते म्हणून निवडा. आठवड्यातून एकदा अर्धा तास भेटा. तिने तुम्हाला किती अध्याय वाचले हे विचारू नये. या आठवड्यात तू प्रभूपासून कोणत्या दिवशी लपलीस आणि का, हे विचारावे. चुकल्यानंतर परत यायला तुम्हाला पूर्वी महिने लागत. ते अंतर आठवड्यांवर आणि मग दिवसांवर आले, तर तुम्ही स्थिर होत आहात असे निःशंकपणे समजा. चुका थांबल्या का, यापेक्षा हे माप कितीतरी अधिक खरे आहे.

राहिला मुलांच्या वर्गाचा प्रश्न. शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल, हे याकोबाचे म्हणणे तुम्हाला टोचते आहे, आणि ते टोचावे हे योग्यच आहे. काम ताबडतोब सोडले तर मन क्षणभर हलके होईल; पण मंडळीशी उरलेला तुमचा एकमेव नियमित धागाही तुटेल, आणि तुमच्या आजवरच्या रीतीकडे पाहता ते परतणे फार लांबेल अशी मला भीती वाटते. काहीच न सांगता काम चालू ठेवले, तर दर रविवारी दुभंगलेपण वाढेल. तिसरा मार्ग असा, की पाळकांना सारे सांगून वर्गात एक सहकारी मागून घ्यावा, आणि त्यांना गरज वाटल्यास ठरावीक मुदतीची, परतीचा दिवस आधीच निश्चित केलेली विश्रांती घ्यावी. मला हा तिसरा मार्ग योग्य वाटतो. ढोंगी माणूस आपल्याजवळ नसलेली गोष्ट असल्याचे भासवतो. तुम्ही मुलांना ख्रिस्ताविषयी सांगता, स्वतःच्या यशाविषयी नाही, तेवढ्यापुरते तुमचे शिकवणे खरेच आहे. पुढच्या वर्गात योहानाच्या एकविसाव्या अध्यायातील सरोवराच्या काठचा प्रसंग घ्या, जिथे प्रभू पेत्राला तीनदा एकच प्रश्न विचारतो आणि तीनदा आपली मेंढरे त्याच्या हाती सोपवतो. पडलेल्यांना प्रभू कसे परत घेतो, हे मुलांनी लहानपणीच ऐकायला हवे. त्यांनाही ते एक दिवस लागणारच आहे.

आणि वर्ग संपल्यावर उपासनेला थांबा. प्रभुभोजनाच्या रविवारी विशेषकरून थांबा. पौलाने करिंथकरांना सांगितले, की प्रत्येकाने आत्मपरीक्षण करावे आणि मग भाकर खावी व प्याल्यातून प्यावे. आत्मपरीक्षण करून घरी जावे असे त्याने सांगितलेले नाही.

पाळकांची भेट याच आठवड्यात मागून घ्या. तोंडी सांगणे जड जात असेल, तर तुम्ही मला लिहिलेले पत्रच त्यांच्या हाती द्या. ते पुरेसे स्पष्ट आहे. त्यांनी दटावले किंवा विषय टाळला, तर त्यावरून प्रभूही तसाच वागेल असा निष्कर्ष काढू नका. दुसऱ्या एखाद्या वडीलधाऱ्या विश्वासू व्यक्तीकडे जा, आणि तुमची गोष्ट पूर्ण ऐकून घेतली जाईपर्यंत सांगत राहा.